लाकडी रिपा आणि लोखंडी सांगाडा : पंखांच्या सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूचा एका पावसाळ्याचा अनुभव

आमच्या घरचा साड्यांचा व्यवसाय आहे. बेळगावच्या वडगाव आणि खासबाग भागांतील मागांवर विणलेल्या साड्या घेऊन आम्ही खानापूर, नंदगड, हलशी, जांबोटी या बाजूच्या गावांत बाजाराच्या दिवशी विक्रीला जातो आणि त्यासाठी १० फूट लांब, ६ फूट रुंद असा बंदिस्त ट्रेलर शहरातील एका फॅब्रिकेटरकडून बांधून घेतला आहे. पिकअपच्या मागे जोडून तो नेता येतो. ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यावर बाहेरून पत्रा आणि आत काहीही नाही, अशा उघड्या अवस्थेत आम्ही तो पहिले वर्षभर वापरला. ती चूक आम्हाला महागात पडली. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे, त्यामुळे रात्री पत्रा चांगलाच थंड होतो, आणि आतल्या दमट हवेतले पाणी त्या थंड पत्र्यावर थेंबाथेंबाने जमते. पहाटे दार उघडले की छताच्या पाइपांवरून पाणी ओघळत असे. कडेला रचलेल्या गठ्ठ्यांतील साड्यांच्या घडीवर तांबूस डाग पडले, आणि नव्या साडीवर गंजाचा डाग म्हणजे ती साडी विक्रीतून गेलीच.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात ट्रेलरला आतून अस्तर करायचे ठरवले. पाइपांवर लाकडी रिपा बसवायच्या, दोन पाइपांच्या मधल्या जागेत उष्णतारोधक फोमची शीट घालायची आणि त्यावर ६ मिलिमीटरचा प्लाय मारायचा, असा साधा बेत होता. प्लाय थेट लोखंडावर न मारता मध्ये रीप घालण्याला कारण आहे. पोलाद लाकडापेक्षा काही शेकडो पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. प्लाय पाइपला चिकटून राहिला, तर बाहेरचा गारवा पाइपमधून थेट प्लायपर्यंत पोहोचतो आणि जिथे जिथे पाइप आहे तिथे तिथे प्लायवर ओलसर पट्टा उमटतो. पाऊण इंचाची रीप मध्ये आली की हा मार्ग बराचसा तुटतो. शिवाय पुढे कप्पे, खुंट्या, साड्या टांगण्याच्या दांड्या यांचे स्क्रू मारायला लाकूड मिळते, हा फायदा वेगळाच.

रिपा बसवायचे काम वरवर अगदी किरकोळ दिसते. लाकूड लोखंडाला धरून ठेवायचे, एवढेच. परंतु याच कामात आमचा सर्वाधिक वेळ गेला, सर्वाधिक माल वाया गेला, आणि शेवटी ज्या वस्तूमुळे ते मार्गी लागले त्या वस्तूबद्दल, म्हणजे पंखांच्या सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूबद्दल, हे परीक्षण आहे. आमच्यासारखेच ट्रेलर, फिरती दुकाने किंवा खाद्यपदार्थांच्या गाड्या आतून सजवणारे अनेकजण सीमाभागात आहेत आणि त्यांना हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

सुरुवातीला आम्ही साधे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू आणले. पत्र्याच्या शेडसाठी सर्वत्र मिळतात त्याच जातीचे, पण चपट्या डोक्याचे, ४.८ मिलिमीटर जाडीचे आणि ३८ मिलिमीटर लांबीचे. या स्क्रूच्या टोकाला ड्रिलच्या बिटसारखी धार असते, त्यामुळे आधी वेगळे भोक पाडावे लागत नाही. टोक लोखंड कापत जाते आणि मागचे आटे त्याच भोकात स्वतःची वाट कापून घट्ट बसतात. दुकानदाराने लाकडासाठी हेच चालतील असे सांगितले. आमचे सुतार काका खानापूर तालुक्यातले, चाळीस वर्षे दारे-खिडक्यांचे काम केलेले. त्यांनी पहिली रीप पाइपवर धरून मशीन लावले. स्क्रू लाकडातून सर्रकन गेला, लोखंडावर थोडा थांबला, मग तेही कापून आत गेला आणि डोके लाकडात बसले. सगळे ठीक वाटले. पण रिपेच्या बाजूने पाहिले, तर रीप आणि पाइप यांच्यामध्ये सूतभर फट होती. पुन्हा आवळले तरी ती जाईना. काकांनी रिपेवर हात ठेवून दुसरा स्क्रू सावकाश मारला आणि म्हणाले, "अण्णा, लाकूड वर चढूलालंय बघा. आटे लाकडातच अडकून बसलेत."

त्यांचे निदान अचूक होते, आणि सगळ्या कामाचे मर्म त्यातच आहे, म्हणून ते नीट उलगडून सांगतो. या जाडीच्या स्क्रूच्या दोन लगतच्या आट्यांमधले अंतर १.६ मिलिमीटर असते. म्हणजे आटे लाकडात रुतलेले असताना स्क्रू एक फेरा फिरला की तो लाकडातून १.६ मिलिमीटर पुढे सरकू पाहतो. पण त्याच वेळी टोक लोखंड कापत असते, आणि लोखंड कापण्याचा वेग एका फेऱ्याला त्याच्या लहानशा अंशाइतकाच असतो. टोक पुढे जाऊ शकत नाही आणि आटे तर फिरतच आहेत, तेव्हा दुसरे काहीतरी हलले पाहिजे. हलते ते लाकूड. रीप आट्यांवरून उलटी वर चढते आणि पाइपपासून दूर जाते. पुढे टोक आरपार गेले आणि आटे लोखंडातही रुतले की लाकूड आणि लोखंड या दोन्हींतून स्क्रू सारख्याच गतीने पुढे जातो, त्यामुळे मधली फट आहे तशीच कायम राहते. कितीही आवळा, फट मिटत नाही. उलट जोर वाढवला तर लोखंडातले आटे झिजून स्क्रू नुसता फिरू लागतो.

यावर उपाय एकच. लाकडात स्क्रू मोकळा असला पाहिजे आणि पकड फक्त लोखंडात असली पाहिजे. लाकडाला धरून ठेवण्याचे काम आट्यांचे नाही, स्क्रूच्या डोक्याचे आहे. डोके रीप दाबते, आटे लोखंड ओढतात आणि त्या दोघांमध्ये रीप आवळली जाते. हे तत्त्व एकदा लक्षात आले की कोणता स्क्रू घ्यावा, कसा मारावा, कुठे तो चालणार नाही, या पुढच्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याच्याच आधारे मिळतात.

रिपेत आधी स्क्रूपेक्षा मोठे भोक पाडून घेतले, तर साधा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूही उत्तम चालतो. परंतु आमच्या ट्रेलरला भिंती आणि छत मिळून अडीचशेहून अधिक स्क्रू लागणार होते. प्रत्येक ठिकाणी बिट बदला, लाकडाला भोक पाडा, पुन्हा बिट बदला, मग स्क्रू मारा, हे दुप्पट काम होते. तेव्हा उद्यमबागेच्या बाजूच्या एका हार्डवेअर दुकानात चौकशी केली. पंखांचा स्क्रू कसा सांगावा हे मला पटकन सुचेना. आमच्याबरोबर आलेल्या मुलाने दुकानातल्या कामगाराला कन्नडमध्ये "रेक्के इरो स्क्रू" असे म्हटल्यावर त्याने तत्काळ खालच्या फळीवरचा डबा काढून दिला. साध्या स्क्रूच्या जवळपास दुप्पट किंमत मोजावी लागली, तरीही मी १०० नगांचे तीन डबे घेतले. दुकानात माल हातात घेऊन पाहू दिला, दोन सुटे नग चाचणीसाठी दिले आणि डबा फोडला तरी न वापरलेला माल परत घेण्याची तयारी दाखवली, ही वागणूक मला मनापासून आवडली.

हा स्क्रू बोटांत धरून पाहण्यासारखा आहे. टोकाशी ड्रिलची धार, तिच्या वर लगेच दोन्ही बाजूंना कानासारखे बाहेर आलेले दोन चपटे, पातळ पंख, आणि मग आटे. दोन पंखांची मिळून रुंदी आट्यांच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडी अधिक असते. स्क्रू लाकडातून जाताना हे पंख भोवतालचे लाकूड खरवडून भोक रुंद करतात, त्यामुळे मागून येणाऱ्या आट्यांना लाकूड पकडता येत नाही. टोक लोखंड कापून आरपार गेले की पंख पाइपच्या पृष्ठभागावर आदळतात, आणि त्यांना लोखंड कापता येत नसल्यामुळे ते मोडून पडतात. मग आटे लोखंडात शिरतात. चपट्या डोक्याच्या खालच्या बाजूस बारीक उभ्या धारा असतात; त्या लाकडात डोक्यापुरती खोलगट जागा कापून घेतात, म्हणजे डोके रिपेच्या पातळीत बसते आणि वरचा प्लाय सपाट राहतो.

चाचणीसाठी आम्ही दोन फूट पाइपच्या तुकड्यावर एक रीप दोन्ही जातींच्या स्क्रूंनी बसवली आणि नंतर स्क्रू काढून ती रीप भोकांच्या मधोमध उभी चिरली. साध्या स्क्रूच्या भोकात आट्यांचे ठसे शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक स्पष्ट उमटले होते. पंखांच्या स्क्रूच्या भोकात एकही ठसा नव्हता. भोक सरळ, थोडे खरखरीत आणि बोरूच्या पोकळीसारखे मोकळे होते, आणि तळाशी, जिथे लाकूड पाइपला टेकत होते तिथे, मोडलेल्या पंखांचे दोन चकचकीत कण लाकडात दबून बसले होते. ही चाचणी सर्वांनी एकदा करून पाहावी, असा माझा आग्रह आहे. डब्यावरच्या मजकुरापेक्षा त्या चिरलेल्या रिपेने आम्हाला अधिक शिकवले.

लांबी ठरवताना हिशेब असा केला. रीप २० मिलिमीटर, पाइपचा पत्रा २ मिलिमीटर, म्हणून ३८ मिलिमीटरचा स्क्रू पाइपच्या आत १६ मिलिमीटर जातो. त्यातले टोक आणि पंखांचा भाग वगळला तरी पूर्ण आटे लोखंडात येतात, आणि ४० मिलिमीटरच्या पाइपमध्ये समोरच्या भिंतीला टोक लागत नाही. याहून आखूड स्क्रू घेतला असता, तर आट्यांऐवजी टोकाचाच भाग लोखंडात राहिला असता. पाइपऐवजी अँगल किंवा चॅनेल असेल, तर मात्र बाहेरचा पत्रा किती अंतरावर आहे ते आधी मोजावे, नाहीतर आतून मारलेला स्क्रू बाहेर येऊन पावसाला वाट करून देतो.

आता मारण्याची पद्धत. रीप आधी शिकंज्याने पाइपला पक्की आवळून घ्यावी. पंख भोक मोकळे करतात हे खरे, पण टोक लोखंड कापत असताना मधे जमणारा लोखंडाचा भुगा रिपेला वर उचलू शकतो. बॅटरीचे ड्रिल मशीन दुसऱ्या, म्हणजे वेगाच्या गिअरमध्ये ठेवावे. पहिल्या गिअरमध्ये टोक लोखंडावर नुसते घासत राहते आणि तापून त्याची धार जाते. मशीन सरळ धरून अंगाचा भार एकसारखा द्यावा, टोक आरपार गेल्याचा हिसका हाताला जाणवला की लगेच वेग कमी करावा आणि डोके बसताच थांबावे. इम्पॅक्ट मशीनने, म्हणजे ठोके देत फिरणाऱ्या मशीनने, आम्ही पहिले काही स्क्रू मारले, तेव्हा दोन स्क्रूंची डोकी तुटली आणि चार स्क्रूंचे आटे लोखंडात झिजले. याला कारण आहे. २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात १.६ मिलिमीटर अंतराचा आटा म्हणजे जेमतेम सव्वा आटा पकडीत असतो. त्या सव्वा आट्यावर सगळा भार आहे, हे लक्षात ठेवून क्लच (ठरावीक जोर आला की फिरणे थांबवणारी सोय) लावलेल्या साध्या ड्रिलनेच आवळावे. एखादा स्क्रू फिरलाच, तर त्याच भोकात ५.५ मिलिमीटरचा स्क्रू मारता येतो किंवा दोन इंच सरकून नवा मारता येतो. आम्ही दुसरा मार्ग पत्करला.

दर दहा इंचांवर एक स्क्रू, आणि तोही एक रिपेच्या डावीकडे व पुढचा उजवीकडे, असे ठेवले. सगळे स्क्रू एका रेषेत मारले तर रीप त्या रेषेत चिरण्याची भीती असते आणि ती किंचित पिळतेही.

लाकडाच्या निवडीबाबत आमच्याकडून एक चूक झाली. वखारीत आकाशियाच्या रिपा स्वस्त मिळाल्या, म्हणून त्याच आणल्या. हे लाकूड जड आणि कठीण आहे. त्यात पंख लोखंडापर्यंत पोहोचण्याआधीच मोडत होते, आणि पंख मोडले की तो स्क्रू साध्या स्क्रूसारखाच वागतो. रीप पुन्हा वर चढते. शिवाय आकाशियात टॅनिन असते आणि ओलावा आला की लोखंडाशी त्याचा संयोग होऊन लाकडावर निळसर काळे डाग पडतात. कापडाच्या ट्रेलरमध्ये असे डाग परवडणारे नव्हते. त्या रिपा आम्ही खालच्या चौकटीसाठी, हाताने भोके पाडून, वापरल्या आणि भिंतींसाठी पाइनच्या रिपा रंधून घेतल्या. पाइन मऊ आहे, त्यात पंख शेवटपर्यंत टिकतात, आणि रंधल्यावर फारसे पिळत नाही. दोन आठवडे या रिपा घरात, हवेशीर जागेत, मधे काड्या घालून रचून ठेवल्या होत्या. वखारीतून आणल्या आणि लगेच मारल्या, असे करू नये.

या जोडणीचा आणखी एक फायदा पुढे लक्षात आला. १० फूट लांबीचे लोखंड तापमानातल्या ३० अंशांच्या फरकाने सुमारे १ मिलिमीटर वाढते, तर लाकूड लांबीच्या दिशेने त्याच्या निम्म्याहूनही कमी. मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभा असलेला पत्रा आणि पहाटेचा गार पत्रा यांत एवढा फरक सहज पडतो. आडव्या लांब रिपांमध्ये भोके मोकळी असल्यामुळे ही हालचाल त्यांत सामावून जाते. पावसाळ्यात लाकूड फुगते ते मुख्यतः रुंदीच्या दिशेने. तिथेही मोकळ्या भोकामुळे रीप स्क्रूभोवती चिरत नाही. साध्या स्क्रूने लाकूड आणि लोखंड असे घट्ट एकत्र जखडले असते, तर ही मोकळीक राहिली नसती.

आता जिथे हा स्क्रू कामाला आला नाही, त्याविषयी. ट्रेलर बांधताना सर्व पाइप १४ गेजचे, म्हणजे २ मिलिमीटर जाडीचे, घ्यायचे ठरले होते आणि पैसेही त्याच हिशेबाने दिले होते. छताच्या आडव्या पाइपांना स्क्रू मारायला घेतले तेव्हा टोक एका क्षणात आरपार जाऊ लागले. शंका आली म्हणून एका पाइपचे झाकलेले टोक उघडून व्हर्निअरने मोजले, तर पाइप १८ गेजचा, सुमारे १.२ मिलिमीटरचा निघाला. फॅब्रिकेटरने छतात हलका माल वापरला होता आणि ते आम्हाला सांगितले नव्हते. याचा मला अजूनही विषाद वाटतो, कारण अस्तर झाल्यावर हे कधीच दिसले नसते. ट्रेलर ताब्यात घेताना प्रत्येक जातीच्या पाइपचे एक उघडे टोक मोजून पाहावे, ही माझी सर्वांना विनंती आहे.

इतक्या पातळ पत्र्यावर पंखांना मोडण्याइतका प्रतिकारच मिळत नाही. ते न मोडता पत्र्यातही घुसतात, लोखंडातले भोक ओरबाडून रुंद करतात आणि मागून येणाऱ्या आट्यांना पकडायला काही उरत नाही. आम्ही छतावर मारलेल्या पहिल्या बारा स्क्रूंपैकी पाच जागच्या जागी फिरू लागले. उरलेल्यांची पकडही भरवशाची नव्हती, कारण पंखांनी भोक रुंद केले नाही असे गृहीत धरले तरी १.२ मिलिमीटरच्या पत्र्यात पकड फक्त पाऊण आट्याची असते, आणि छतात तर रीप व प्लाय यांचे वजन खाली ओढत असते. त्यात रस्त्याचे हादरे वेगळेच. म्हणून छतासाठी आम्ही रिव्हेट नटचा, म्हणजे आतून आटे असलेल्या छोट्या नळीचा, मार्ग घेतला. पाइपला ९ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात ६ मिलिमीटर आट्यांचा रिव्हेट नट हत्याराने दाबून बसवायचा आणि रिपेत मोकळे भोक पाडून मशीन स्क्रूने ती आवळायची. या नटाच्या नळीत अनेक आटे असतात, त्यामुळे पातळ पत्र्यातही पकड पक्की राहते. काम सावकाश होते, हत्यार वेगळे घ्यावे लागते, खर्चही वाढतो. पण छतासाठी याहून खात्रीचा उपाय मला तरी दिसला नाही.

पॉप रिव्हेटने रिपा बसवाव्यात, असेही एकाने सुचवले होते. ते मी कोणाला सुचवणार नाही. रिव्हेट ओढला जाताना त्याचे डोके मऊ लाकडात रुतते, आणि पुढे लाकूड सुकून आकसले की तो पुन्हा आवळता येत नाही. स्क्रू आवळता येतो, काढता येतो, बदलता येतो. फिरत्या वाहनात हा गुण मोठा आहे.

रीप आणि पाइप यांच्यामध्ये आम्ही ३ मिलिमीटरची बंद छिद्रांची फोम टेप लावली. लोखंडाचा गारवा आणि ओल थेट लाकडाला लागू नये, आणि हादऱ्याने लाकूड लोखंडावर घासून कुरकुर करू नये, हे दोन हेतू होते. रीप स्क्रूवर मोकळी असल्यामुळे डोके आवळताच टेप एकसारखी दबते; साध्या स्क्रूने हे साधलेच नसते. टेप लावण्यापूर्वी पाइपावर रेड ऑक्साईडचे दोन हात दिले होते.

गंजाविषयी सावध राहायला हवे, कारण आमच्या बाबतीत सगळा खटाटोप गंजाचे डाग टाळण्यासाठीच होता. आम्ही आणलेल्या स्क्रूंवर साधा जस्ताचा पातळ मुलामा होता. आतल्या कोरड्या भागात तो पुरतो. दाराजवळ आणि खालच्या बाजूस, जिथे ओले पाय आणि ओल्या छत्र्या येतात, तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. मात्र सरसकट ३०४ जातीचे स्टेनलेस मागून चालत नाही, कारण ते कडक करता येत नाही आणि त्याचे टोक लोखंड कापू शकत नाही. सेल्फ-ड्रिलिंगसाठी ४१० जातीचे स्टेनलेस वापरतात. ते कडक होते, जस्ताच्या साध्या मुलाम्यापेक्षा बरे टिकते, परंतु ३०४ इतके गंजरोधक नसते. ३०४ चेच अंग हवे असेल, तर कडक पोलादाचे टोक जोडलेले द्विधातूचे स्क्रू मिळतात, त्यांची किंमत बरीच अधिक असते.

स्क्रू मारताना पडणारा लोखंडाचा भुगा हाही गंजाचाच एक स्रोत आहे. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही केवळ झाडून काढले आणि निघून गेलो. रात्री वळवाचा पाऊस झाला, दाराच्या फटीतून हवेत ओल आली, आणि दुसऱ्या दिवशी फरशीच्या प्लायवर, रिपांच्या कडांवर, जिथे जिथे भुग्याचा कण राहिला होता तिथे तिथे केशरी ठिपके उमटले होते. त्यानंतर दर संध्याकाळी जुन्या स्पीकरचे लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सगळ्या रिपांवरून आणि फरशीवरून फिरवायचे, मग पिशवी उलटी करून भुगा टाकायचा, हा क्रम आम्ही शेवटपर्यंत पाळला. मोडलेले पंखही त्यात सापडत असत.

स्क्रूंच्या दर्जाबद्दल एक तक्रार नोंदवली पाहिजे. तीन डब्यांपैकी दोन उत्तम होते. तिसऱ्या डब्यात मात्र नऊ-दहा स्क्रू असे निघाले की ज्यांचा एक पंख आधीच तुटलेला किंवा वाकलेला होता. एका पंखाचा स्क्रू लाकडात थरथरतो, भोक एका बाजूला वाहवते आणि डोके तिरके बसते. त्यामुळे प्रत्येक स्क्रू मशीनला लावण्यापूर्वी त्याच्या टोकावर नजर टाकणे आवश्यक झाले. दुकानदाराने खराब नग बदलून दिले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण उत्पादकाकडून एवढी अपेक्षा गैर नाही, विशेषतः किंमत दुप्पट असताना. डोक्याची फुलीची खाच मात्र नेमकी होती. नवा, दोन नंबरचा बिट वापरला तर तो घसरत नाही; झिजलेला बिट पहिल्या दहा-बारा स्क्रूंतच खाच खराब करतो, म्हणून दर शंभर स्क्रूंमागे बिट बदलला.

पाचांपैकी गुण द्यायचे झाल्यास मी या स्क्रूंना चार देईन. २ मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादाचा पाइप, मऊ ते मध्यम लाकूड आणि साधे ड्रिल मशीन, एवढे जमत असेल तर याहून सोपा आणि जलद मार्ग नाही. भिंतींच्या सगळ्या रिपा आम्ही दोघांनी दीड दिवसात बसवल्या, आणि साध्या स्क्रूंशी झगडण्यात आमचे आधीचे पूर्ण तीन दिवस गेले होते. ट्रेलरचा सांगाडा अॅल्युमिनियमचा असेल, तर मात्र हे स्क्रू घेऊ नयेत. मऊ धातूवर पंख मोडत नाहीत, आणि ओल आली की जस्ताचा पातळ मुलामा जाऊन उघड्या पडलेल्या पोलादाभोवती अॅल्युमिनियम झपाट्याने झिजते.

अस्तर पूर्ण झाल्यावर ट्रेलर एक पूर्ण पावसाळा खानापूरच्या पश्चिमेकडच्या, जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूच्या मुसळधार पावसात फिरला. खंडेनवमीला वाहनांची आणि हत्यारांची पूजा करण्यापूर्वी आम्ही आतला एक प्लाय मुद्दाम उघडून पाहिला. त्या भिंतीवरच्या तीन रिपांचे एकूण एकवीस स्क्रू काकांनी हाताच्या पेचकसाने तपासले; एकही सैल नव्हता, आणि रीप व पाइप यांच्या मधली टेप जशी दबलेली होती तशीच होती. दाराजवळच्या खालच्या दोन स्क्रूंच्या डोक्याभोवती मात्र गंजाचे बारीक कडे दिसले. ते दोन्ही त्याच दिवशी काढून त्यांच्या जागी ४१० जातीचे स्टेनलेस स्क्रू मारले, आणि दाराच्या चौकटीभोवतीचे उरलेले चौदा स्क्रूही दिवाळीच्या आत तसेच बदलणार आहोत. कडेच्या गठ्ठ्यांतल्या साड्या मी एकेक उलगडून पाहिल्या. या पावसाळ्यात एकाही साडीवर तांबूस डाग नव्हता.